शरदातला सातपुडा : वऱ्हाडातल्या डोंगरप्रवासाचा इतिहास

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या उत्तर सीमेवर सातपुड्याची गाविलगड ही रांग पूर्व-पश्चिम पसरलेली आहे. तिच्या दक्षिणेला पूर्णा नदीचे काळ्या मातीचे सपाट खोरे, म्हणजे पयनघाट आणि उत्तरेला तापीकडे उतरत जाणारा मेळघाट. दक्षिणेकडून पाहणाऱ्याला ही रांग एकदम उठलेल्या भिंतीसारखी दिसते, कारण त्या बाजूचा उतार तुटका आहे. उत्तरेकडे मात्र खापरा, खंडू, सिपना, गाडगा आणि डोलार या नद्यांनी तिला हळूहळू झिजवत दऱ्याखोऱ्यांचा प्रदेश घडवला. अकोट, अंजनगाव सुर्जी, अचलपूर, परतवाडा ही गावे या भिंतीच्या पायथ्याशी वसली, ती याच भूरचनेमुळे. डोंगरात शिरणाऱ्याला अखेरचा बाजार इथे करावा लागे आणि डोंगरातून उतरणाऱ्याला पहिली वस्ती इथेच लागे.

आश्विन-कार्तिकात, दसरा ते त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास, या गावांतून डोंगरात सहलीला जाण्याची रीत आता चांगली रुळली आहे. अकोल्याहून नरनाळा, अमरावतीहून चिखलदरा, दोन्हींना जोडून सेमाडोह-कोलकासचे जंगल, असा दोन-चार दिवसांचा बेत घरोघरी आखला जातो. हा बेत ज्या वाटांवरून जातो त्या मात्र सहलीसाठी पडलेल्या नाहीत. त्या संन्याशांच्या, लष्कराच्या, लाकूडवाल्यांच्या आणि साहेबांच्या वाटा आहेत. प्रत्येकाचे कारण वेगळे होते आणि ऋतूही बहुधा वेगळा होता. शरदात निव्वळ पाहण्यासाठी डोंगर चढणे ही या परंपरेतली सर्वांत अलीकडची पायरी.

अटन आणि यात्रा

वऱ्हाडात डोंगर आणि गावे पायी फिरण्याची सर्वांत जुनी लिखित नोंद महानुभाव पंथाची आहे. तेराव्या शतकात पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला गुरू गोविंदप्रभूंकडे आले आणि त्यानंतर सातपुड्यातल्या सालबर्डीच्या डोंगरात त्यांनी बारा वर्षे एकांतात काढली, असे पंथाचे साहित्य सांगते. तिथून ते पुढे गावोगाव हिंडले. एका जागी फार काळ न राहता फिरत राहणे, म्हणजे अटन, हा पंथाच्या आचाराचा भाग झाला. रिद्धपूरलाच म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले आणि त्यात या भ्रमंतीतल्या गावांची, मढांची, नदीकाठांची नावे आली. चौदाव्या शतकात तयार झालेल्या स्थानपोथीत तर स्वामींचे पाय लागलेल्या जागांची पद्धतशीर यादी आहे : गाव कोणते, देऊळ कोणत्या दिशेला, दार कुठे, ओटा कुठे. तिचा हेतू भक्तीचा होता, पण एका स्थानावरून दुसऱ्या स्थानाकडे वाट दाखवणारे असे प्रवासी साधन मराठीत इतक्या लवकर तयार झाले, ही वऱ्हाडच्या प्रवासाच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे.

सर्वसामान्य कुणब्याचा डोंगराशी संबंध यात्रेमुळे येई. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी अकोटकडचे भाविक पोपटखेड्यावरून भर पावसात जंगल चढून धारगडच्या महादेवाला जातात. महाशिवरात्रीला सालबर्डीला गर्दी लोटते. परतवाड्याजवळ डोंगराच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा डिसेंबरच्या विसाव्या तारखेपासून जानेवारीअखेरपर्यंत भरते. परतवाड्याहून जवळच असलेले, आता मध्य प्रदेशात मोडणारे मुक्तागिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. तिथली बावन्न मंदिरे धबधब्याच्या कड्यावर उभी आहेत. या यात्रांच्या तिथी पाहिल्या की एक गोष्ट लक्षात येते. श्रावणात पेरणी उरकून शेतकरी थोडा मोकळा असतो. पौष-माघात कापूस-ज्वारी घरात आलेली असते. मधला शरद हा मात्र कापूस वेचणीचा आणि रब्बीच्या पेरणीचा काळ. शेतीवर पोट असलेल्या वऱ्हाडात घरदार सोडून डोंगरात जायला त्या दिवसांत कोणाला फुरसत नसे. शरदातली सहल नोकरी, शाळा आणि दिवाळीची सुट्टी आल्यावरच शक्य झाली.

गड आणि राजधानी

पायथ्याच्या गावांना महत्त्व आले ते दख्खनच्या सुलतानांमुळे. बहामनी सुलतान अहमदशहा वली १४२५ च्या सुमारास अचलपुरात मुक्काम ठोकून होता. त्याने गाविलगड बांधला आणि नरनाळ्याची डागडुजी केली, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. गवळ्यांची जुनी वस्ती गडाच्या जागी होती आणि तिच्यावरूनच गडाला नाव पडले, असे मानले जाते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस फतहुल्ला इमादुल्मुल्क याने वऱ्हाडात स्वतंत्र इमादशाही उभी केली. अचलपूर तिची राजधानी झाली आणि गाविलगड व नरनाळा हे तिचे आधार झाले. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने हे राज्य गिळले, १५९६ मध्ये वऱ्हाड अकबराला द्यावे लागले आणि पुढल्या काही वर्षांत दोन्ही गड मोगलांच्या हाती पडले. नरनाळा मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचे ठाणे झाला.

आजच्या प्रवाशाला या काळातले सर्वांत चांगले पाहायला मिळते ते दरवाजांत. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा १४८७ चा, म्हणजे फतहुल्लाच्या काळातला आहे. सभोवारच्या काळ्या बेसॉल्टमध्ये त्याचा फिकट वालुकाश्म लांबूनच उठून दिसतो. कमानीच्या वर अरबी-फारसी अक्षरांचे पट्टे, बाजूंना कोरलेली कमळे, दोन्हीकडे पुढे आलेले सज्जे आणि आत पहारेकऱ्यांसाठी कमानीदार ओवऱ्या, अशी त्याची रचना आहे. गडावर कमानींनी झाकलेली टाकी आहेत. लोक त्यांना तेलातुपाची टाकी म्हणतात. त्याखेरीज शक्कर तलाव, राणीमहाल आणि नऊगजी तोफ आहे. नरनाळा हा एकटा गड नाही. जाफराबाद आणि तेलियागड हे त्याचे दोन जोडगड दोन्ही अंगांना आहेत.

गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर हत्तींना नमवणारे सिंहासारखे पशू, दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी आणि झाडे कोरलेली आहेत. गडावरचे देवतलाव आणि खानतलाव पावसाळ्यानंतर भरलेले असतात. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने आइने अकबरीत या गडाला जवळजवळ बेजोड म्हटले आहे. गडावरच्या एका झऱ्याच्या पाण्यात पोलादी शस्त्रांना पाणी देतात, अशी नोंदही त्याने केली आहे. अठराव्या शतकात हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला.

दसऱ्यानंतरची वाट

पावसाळा संपला की नद्या उतरतात, चिखल वाळतो, चारा मुबलक असतो आणि बैल ताजेतवाने असतात. मराठ्यांचे लष्कर दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघे ते यामुळेच. शरद आणि हेमंत हा दख्खनमध्ये वाटा मोकळ्या होण्याचा काळ होता आणि वऱ्हाडचे भवितव्य ठरवणारी मोहीम याच काळात झाली.

२३ सप्टेंबर १८०३ ला असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव केल्यावर आर्थर वेलस्लीची फौज वऱ्हाडात उतरली. २९ नोव्हेंबरला अकोट-तेल्हाऱ्याच्या पट्ट्यातल्या अडगावला दुसरी लढाई झाली. भोसल्यांकडे उरला तो गाविलगड. गडाची दक्षिण बाजू सरळ कड्याची असल्याने तोफा लावायच्या तर उत्तरेकडून लावायला हव्या होत्या आणि तिकडे जायला तोफगाडीचा रस्ता नव्हता. वेलस्लीच्या हाताखालच्या कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी ७ डिसेंबरला अचलपूरकडून निघाली. सैनिकांनी पुढे रस्ता करायचा आणि मागून जड तोफा हातांनी ओढत आणायच्या, असे करत ती १२ तारखेला गडाच्या उत्तरेला लबाडा गावाशी पोचली. १५ डिसेंबरला तटाला पडलेल्या खिंडारातून हल्ला झाला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला आणि गड गेला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावला भोसल्यांशी तह झाला. ३० डिसेंबरला अंजनगाव सुर्जीला शिंद्यांशी तह झाला. आज चिखलदऱ्याला जाताना ज्या वळणांवर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकावी लागते, त्याच डोंगररांगेत त्या तुकडीचे ते पाच-सहा दिवस गेले होते. गडाच्या फुटलेल्या तटाकडे बघताना ही मेहनत आणि बेनीसिंगाच्या शिबंदीचे मरण, दोन्हींची आठवण ठेवायला हवी.

देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख हैदराबादच्या निजामाकडे गेला, पण गाविलगड आणि नरनाळा हे दोन गड आणि त्यांखालचा काही प्रदेश भोसल्यांकडे राहिला. १८२२ च्या करारानंतर तोही निजामाकडे आला. लगेच पुढच्या वर्षी, १८२३ मध्ये, निजामाच्या चाकरीतल्या हैदराबाद पलटणीचा कॅप्टन रॉबिन्सन गाविलगडाजवळच्या पठारावर पोचला. त्या पठाराचे नाव चिखलदरा. १८५८ मध्ये, तात्या टोपे सातपुड्यात उतरले असताना, गाविलगड बंडवाल्यांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांनी त्याची मोडतोड केली. गडाची लष्करी गरज संपली आणि शेजारचे पठार पुढे आले.

साहेबांचा उन्हाळा

चिखलदऱ्याविषयी लोकांत प्रचलित कथा महाभारतातली आहे. अज्ञातवासात विराटाच्या राज्यात असताना भीमाने कीचकाला मारून या दरीत फेकले, म्हणून हा कीचकदरा, असे ती सांगते. भीमकुंड आणि वैराट ही इथली नावे त्या कथेशी जोडली जातात. इंग्रजांना या जागेची ओढ होती ती हवेमुळे. पठाराची उंची ३,६६४ फूट, म्हणजे सुमारे १,११७ मीटर. एप्रिल-मे महिन्यांत अकोला-अमरावतीचा पारा ४० अंशांच्या वर चढलेला असताना इथली हवा सुसह्य असे. १८३९ पासून चिखलदरा हे वऱ्हाडातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे आवडते विश्रांतिस्थान झाले. १९०८ च्या सुमारास निघालेल्या इम्पीरियल गॅझेटियरने तिथल्या गुलाबांचे, ऑर्किडचे, नेच्यांचे आणि उत्तम कॉफीचे कौतुक केले आहे. कॉफीची ती लागवड आजही थोडीफार टिकून आहे. महाराष्ट्रात कॉफी पिकणाऱ्या मोजक्या ठिकाणांत चिखलदऱ्याचे नाव आवर्जून घेतले जाते.

हे सगळे शक्य झाले ते राजकीय आणि आर्थिक बदलांमुळे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे दिला. अचलपूरलगत परतवाड्याला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि तिथून चिखलदऱ्याला घोड्यावर किंवा टांग्यात चढता येई. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला अचानक सोन्याचा भाव आला. जीआयपी रेल्वेची मुंबई-नागपूर वाट अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून जात १८६७ मध्ये नागपूरला पोचली. बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा निघाला. कापसाच्या गाड्यांसाठी पक्के रस्ते झाले आणि डोंगरवाटही सुधारली. १८७० मध्ये आल्फ्रेड लायल यांनी वऱ्हाडचे पहिले गॅझेटियर संपादित केले. १९१० मध्ये अकोल्याचे आणि १९११ मध्ये अमरावतीचे स्वतंत्र गॅझेटियर निघाले. गावे, गड, यात्रा, अंतरे आणि रस्ते एका ठिकाणी देणारी ही पुस्तके कारभारासाठी लिहिली गेली, पण पुढच्या प्रत्येक प्रवासवर्णनाने त्यांच्यावरच भिस्त ठेवली.

साहेबांचे वर्ष दोन भागांत विभागलेले होते. उन्हाळ्यात कचेरीसह पठारावर आणि पावसाळा संपल्यावर तंबू-बैलगाड्या घेऊन दौऱ्यावर. दौऱ्याचा हंगाम शरदाच्या शेवटी सुरू होई. महसूल आणि जंगल खात्याच्या अधिकाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्यावर विश्रामगृहे उभी राहिली. सेमाडोह, कोलकास, हरिसाल, ढाकणा, रायपूर या मेळघाटातल्या मुक्कामांची नावे प्रवाशांच्या ओळखीची झाली ती या दौऱ्यांमुळे.

जंगल आणि कोरकू

मेळघाटचा साग हे या डोंगराचे खरे धन होते. १८६० च्या दशकापासून इंग्रजांनी जंगलाची आखणी करून ते राखीव करायला सुरुवात केली. तोडणी, रस्ते, आगपट्टे या कामांसाठी मनुष्यबळ लागले, तेव्हा कोरकूंच्या वनग्रामांची व्यवस्था झाली. परतवाडा ही सागाच्या लाकडाची मोठी बाजारपेठ बनली ती यातूनच. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा बोलणारी जमात आहे. मराठी आणि हिंदी या दोन्हींपेक्षा तिचे नाते छोटा नागपूरच्या मुंडारी-संथाळीशी जवळचे आहे. कोरकूंचे गाव समोरासमोर घरांच्या दोन रांगांचे असते, मध्ये रुंद रस्ता आणि अंगणे नीट सारवलेली. दिवाळीनंतरच्या आठवडी बाजारांत गुराख्यांचे थाट्या नृत्य चालते. वर्षभर दुसऱ्यांची गुरे राखणाऱ्यांचा हा मानाचा दिवस असतो. शरदातल्या प्रवाशाने मेळघाटात एखादा बाजार गाठावा असे जाणकार सांगतात, ते याचसाठी.

२२ फेब्रुवारी १९७४ ला मेळघाट व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. महाराष्ट्रातला तो पहिला आणि देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. तोडणी घटली आणि दौऱ्याची जुनी विश्रामगृहे पर्यटकांना खुली झाली. त्याचबरोबर गाभ्यातली गावे हलवणे सुरू झाले. बोरी, कोहा, कुंड आणि नंतर इतर काही गावे पायथ्याशी आली. ज्या टेकडीवरच्या देवळामागे सूर्य मावळताना पाहायला लोक जातात, त्या वैराटची वस्तीही उठली. वाघ वाचवण्याची ही किंमत कोणी दिली, हे पाहुण्याने जाणून घेणे गरजेचे आहे.

रुळांची वाट

डोंगराच्या पायथ्याला रेल्वेने दोन ठिकाणी स्पर्श केला. मूर्तिजापूर ते अचलपूर ही सुमारे ७६ किलोमीटरची अरुंद वाट, म्हणजे शकुंतला, कापूस वाहण्यासाठी झाली. इंग्रजी कंपनीच्या मालकीची ही गाडी देश स्वतंत्र झाल्यावरही त्याच मालकीत धावत राहिली. १९२१ चे मँचेस्टरचे वाफेचे इंजिन तिने १९९४ पर्यंत वापरले. अंतर लहान असले तरी प्रवासाला चार तासांहून अधिक लागत. दर्यापूर, अंजनगावचे लोक बाजारहाटाला, लग्नाला तिनेच जात.

दुसरी वाट अकोला-अकोट-खंडवा ही मीटरगेजची. ती वानच्या जंगलातून सातपुडा ओलांडत असे. धूळघाटाजवळ चढ साधण्यासाठी रूळ गोल फिरून स्वतःच्याच वरून पुलाने जात. त्याला लोक चारचा आकडा म्हणत, कारण ती वाट देवनागरी ४ सारखी दिसे. आता शकुंतला बंद आहे आणि मीटरगेजची ही डोंगरवाटही. खंडव्याकडची वाट रुंद करताना ती वाघांच्या जंगलातून न्यावी की बाहेरून, यावर बरीच वर्षे वाद झाला. जंगलात आधीच मोजकी मोकळी जागा उरली असताना तिथून पुन्हा जलद गाड्या नेणे योग्य नाही, ही वन्यजीव अभ्यासकांची भूमिका सयुक्तिक होती.

शरदाची निवड

स्वातंत्र्यानंतर एसटी डोंगर चढली आणि चिखलदरा सर्वांचा झाला. उन्हाळ्यातली साहेबी गर्दी ओसरली. धुके आणि धबधबे पाहायला पावसाळ्यात तरुणांची झुंबड उडू लागली. तिसरा हंगाम शरदाचा आणि जाणत्या प्रवाशांनी तो निवडला त्याला कारणे आहेत. आषाढ-श्रावणात पठारावर धुके इतके दाटते की पंचबोल, देवी, मोझरी या ठिकाणांवरून दरी दिसतच नाही. आश्विनात आभाळ धुऊन निघाल्यासारखे होते, झरे वाहते असतात आणि गडावरचे तलाव भरलेले असतात. पावसाळ्यात बंद असलेले जंगलभ्रमणही ऑक्टोबरपासून सुरू होते.

इथला शरद मात्र थंड देशांतल्या शरदासारखा नसतो. जपानमध्ये मेपलची पाने लाल होतात आणि ती पाहण्यासाठी लोक ठरवून डोंगरात जातात. तिथे थंडीची चाहूल लागली की झाडे पाने सोडतात. सातपुड्यात पानगळ होते ती पाण्याच्या टंचाईने, माघ-फाल्गुनात. म्हणून आश्विनात साग अजून हिरवागार असतो आणि गवत पिवळे पडू लागलेले असते. हिरवी झाडे आणि सोनेरी माळ हेच इथल्या शरदाचे रूप.

प्रवासाचा सोयीचा क्रमही या इतिहासातूनच ठरतो. अकोल्याहून निघणाऱ्याने अकोट-पोपटखेडमार्गे शहानूर गाठून पहिला दिवस नरनाळ्याला द्यावा. दुसऱ्या दिवशी अंजनगाव सुर्जीवरून अचलपूरला यावे. तिथे हौज कटोरा आणि जुने दरवाजे पाहावे आणि परतवाड्याला मुक्काम करावा. तिथून धामणगाव गढीचा घाट जवळचा आणि घटांगचा रस्ता लांबचा. एकाने चढून दुसऱ्याने उतरले की डोंगराची दोन्ही अंगे दिसतात. चिखलदऱ्याला दोन रात्री हव्यात. एक दिवस गाविलगडाला पूर्ण लागतो आणि दुसऱ्या दिवशी मोथ्याकडे फिरून तिथला खवा चाखता येतो. त्यानंतर सेमाडोह-कोलकास करून परतवाड्यावरून अमरावतीला उतरावे. नवरात्र असेल तर अंबादेवी आणि एकवीरेच्या दर्शनाने प्रवासाची सांगता होते. अमरावतीकरांना हाच क्रम उलटा करता येतो. मोर्शीकडे जाणाऱ्यांनी रिद्धपूर आणि सालबर्डीसाठी वेगळा दिवस राखावा. मराठीचे विद्यापीठ आता रिद्धपूरला आले आहे.

नरनाळा आणि गाविलगड ही दोन्ही संरक्षित स्मारके आहेत आणि दोन्ही जंगलाच्या हद्दीत आहेत. त्यामुळे अंधार पडण्याआधी गड उतरणे, तटावर चढून दगड सैल न करणे आणि प्लास्टिक परत आणणे हे नियम निव्वळ पाटीवरचे राहू नयेत. रस्ते रुंद करून, हॉटेले वाढवून चिखलदऱ्यात माणसे आणता येतील, पण पठारावरचे पाणी मर्यादित आहे आणि उन्हाळ्यात ते अपुरे पडते. शरदातला प्रवासी थोड्या संख्येने, जास्त दिवसांसाठी आणि माहिती घेऊन येतो. वऱ्हाडच्या डोंगराला आणि त्यात राहणाऱ्या कोरकू-गवळ्यांना परवडणारे पर्यटन हेच आहे.